एक्का-गुलाम हाती असताना रिव्हरवर कॉल करणे चुकले का? टेक्सास होल्डेममधील निर्णयांविषयी प्रश्न

ह्यूस्टनवासी

नमस्कार. गेले आठ महिने मी बहुतेक शनिवारी ह्यूस्टनमधील एका पोकर क्लबात एक-तीन डॉलर ब्लाइंडचा (पत्ते पाहण्यापूर्वी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा: छोटी 'स्मॉल', मोठी 'बिग') नो-लिमिट, म्हणजे कितीही रक्कम लावता येणारा, होल्डेम खेळतो. ज्यांना येथील व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ह्यूस्टनमध्ये कॅसिनो नाहीत. जागा खाजगी असावी, खेळून जिंकलेल्या रकमेखेरीज कोणालाही डावातून आर्थिक लाभ होऊ नये आणि कौशल्य व नशीब सोडल्यास सर्वांना हरण्या-जिंकण्याची सारखीच संधी असावी, अशा तीन अटी पाळल्यास राज्याच्या दंडसंहितेत बचावाची तरतूद आहे, आणि तिच्याच आधारावर हे क्लब चालतात. त्यामुळे ते पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, एक सेंटही कापून घेत नाहीत, तर सभासद-वर्गणी आणि खुर्चीचे ताशी भाडे घेतात. आमच्याकडे ते तासाला १३ डॉलर आहे.

आतापर्यंत मी ३० वेळा गेलो, प्रत्येक वेळी साधारण पाच तास बसलो, आणि खुर्चीचे भाडे धरून २,४०० डॉलर हरलो. ही रक्कम मला परवडते, परंतु मी खेळत कसा आहे हेच मला कळत नाही, ही खरी अडचण आहे. लहानपणी सांगलीला मेंढीकोट आणि दिवाळीत तीन पत्ती खेळण्यात हयात गेली असल्यामुळे पत्ते आपल्याला कळतात असा माझा समज होता. दोन डाव मांडतो. खेळ नवा असलेल्यांसाठी: प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि टेबलावर सर्वांचे सामाईक पाच पत्ते (बोर्ड) उघडतात, आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर); प्रत्येक टप्प्यावर बेट लावता येते.

पहिला डाव. मी स्मॉल ब्लाइंडवर होतो आणि मला किलवरचा एक्का व इस्पिकचा गुलाम आला. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे एक निवृत्त गृहस्थ बसले होते, ज्यांनी पाऊण तासात एकही डाव खेळला नव्हता. त्यांनी १५ डॉलरची रेज केली (रक्कम वाढवली), दोघांनी कॉल केला (तेवढीच रक्कम घातली), आणि पॉटमध्ये ४९ डॉलर असताना मला केवळ १४ घालायचे असल्यामुळे मीही कॉल केला. बिग ब्लाइंड बाहेर पडला. पॉट ६३ डॉलरचा झाला. फ्लॉपवर चौकटचा गुलाम, बदामाची अठ्ठी आणि बदामाची चव्वी आली. मी चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), गृहस्थांनी ४० लावले, इतर दोघे बाहेर पडले, मी कॉल केला. टर्नला इस्पिकची दुर्री आली. मी पुन्हा चेक केले, त्यांनी ८५ लावले, मी कॉल केला. रिव्हरला किलवरची छक्की आली आणि त्यांनी माझ्याजवळ उरलेल्या १६० डॉलरांइतकी बेट लावली. पॉटमध्ये आधीचे ३१३ होते. मी दोन मिनिटे विचार करून कॉल केला, आणि त्यांनी दोन काळ्या राण्या दाखवल्या.

दुसरा डाव त्याच रात्रीचा. बदामाची नव्वी-सत्ती, मी बटणावर (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलण्याची जागा). बोर्डवर बदामाचा राजा, इस्पिकची राणी, बदामाची चव्वी आणि टर्नला किलवरची दुर्री. पॉट १२० डॉलरचा, समोरच्याने उरलेले सगळे ९० लावले. फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) पूर्ण होण्याची शक्यता ३५ टक्के असते हे मला ठाऊक होते, म्हणून मी कॉल केला. रिव्हरला बदामाची तिर्री आली आणि मी जिंकलो.

पहिल्या डावातील रिव्हरचा कॉल चुकीचा होता की ते केवळ दुर्दैव होते, एवढेच मला विचारायचे आहे. दुसरा डाव मी बरोबर खेळलो असे मला वाटते; तो केवळ संदर्भासाठी दिला आहे.

जर्सीकर

मी अटलांटिक सिटीत बरीच वर्षे याच पातळीवर खेळत आलो आहे, तेव्हा अनुभवाच्या आधारे लिहितो. गणित येथील इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगले करतील.

आपण रिव्हरविषयी विचारले आहे, पण माझ्या मते हा डाव आपण पहिले १४ डॉलर घालतानाच बिघडवला. पाऊण तास मूग गिळून बसलेला माणूस नऊ जणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलण्याच्या जागेवरून रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे काय असू शकते हे आधी पाहा: दश्शीच्या किंवा त्याहून मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी आणि फार तर एकाच रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी. या यादीसमोर वेगवेगळ्या रंगांचा एक्का-गुलाम अत्यंत केविलवाणा पत्ता आहे. एक्का लागला तर एक्का-राजा आणि एक्का-राणी आपल्या पुढे असतात, आणि गुलाम लागला तर तिन्ही मोठ्या जोड्या. म्हणजे ज्या फ्लॉपची आपण वाट पाहत होतात, तो आल्यावरच आपले सर्वाधिक पैसे जाणार होते. आणि तसेच झाले.

आपण १४ डॉलरांची किंमत पाहिलीत. ६३ च्या पॉटमध्ये १४ म्हणजे सुमारे २२ टक्के शक्यता पुरते, हे बरोबर. परंतु तो हिशेब पाचही पत्ते फुकट पाहायला मिळतील असे गृहीत धरतो. येथे पुढच्या तिन्ही फेऱ्यांत आपल्याला सर्वांत आधी बोलायचे होते आणि खिशात आणखी २८५ डॉलर होते. स्मॉल ब्लाइंडवरचा अर्धवट भरलेला डॉलर हे खेळण्याचे कारण नव्हे. मी तो पत्ता तेथे न पाहता फेकतो म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण पाहून मात्र नक्की फेकतो.

फ्लॉपवरील कॉलला माझी हरकत नाही. गृहस्थ राजा-एक्का घेऊनही एकदा बेट लावतील, आणि बदामाचे दोन पत्ते बोर्डवर होते. हरकत आहे ती टर्नवरील कॉलला. ८५ घालताना आपल्यामागे १६० उरणार होते आणि पॉट ३१३ चा होणार होता. पुढची बेट येणार हे दिसत होते. अशा वेळी 'रिव्हरला पाहू' असे म्हणणे म्हणजे निर्णय न घेता निर्णयाचे पैसे भरणे आहे. रिव्हरला काय आल्यास कॉल, काय आल्यास फोल्ड (पत्ते फेकणे), हे टर्नलाच ठरलेले असायला हवे; ते ठरवता येत नसेल, तर टर्नलाच पत्ते पुढे सरकवावेत. दोन मिनिटे विचार आपण केलात, पण एक पत्ता उशिरा केलात.

संभाव्यता

मी संख्याशास्त्र शिकवते आणि पोकर फारसे खेळत नाही. परंतु या दोन डावांतील आकडे मोजण्यासारखे असल्यामुळे लिहीत आहे.

प्रथम पहिल्या डावातील रिव्हर. आपण १६० घालून ४७३ जिंकू पाहत होता, म्हणजे एकूण ६३३ पैकी १६०, अर्थात २५.३ टक्के वेळा जिंकलात तर बरोबरी. आता त्या गृहस्थांकडे काय-काय असू शकते ते मोजू. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येतात. कोणतीही विशिष्ट जोडी ६ प्रकारे, आणि एक्का-राजासारखे दोन भिन्न पत्ते १६ प्रकारे येतात. दिसणाऱ्या पत्त्यांमुळे हे आकडे कमी होतात, आणि खरी गंमत तेथेच आहे. एक एक्का आपल्या हाती असल्यामुळे त्यांच्याकडे दोन एक्के असण्याचे ३ च प्रकार उरतात. राजांचे ६, राण्यांचे ६, गुलामांचा १ (एक आपल्याकडे, एक बोर्डवर), अठ्ठ्यांचे ३. एकूण १९ प्रकारांत आपण हरता. एकाच रंगाचा एक्का-गुलाम फक्त बदामाचा शक्य आहे, त्यात पॉट वाटला जातो. आणि आपण जिंकता ते केवळ फसलेल्या फ्लशसमोर: बदामाचे एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी असे ३ प्रकार. दश्शीची किंवा नव्वीची जोडी घेऊन हा माणूस तीनदा बेट लावणार नाही, असे मी गृहीत धरले आहे.

तिन्ही फसलेले फ्लश प्रत्येक वेळी ऑल-इन (सगळी रक्कम) लावतील असे उदारपणे मानले, तरी २३ पैकी साडेतीन, म्हणजे १५ टक्के. हवे होते २५. बरोबरी साधायला त्यांच्याकडे ब्लफचे (हलके पत्ते घेऊन बेट लावण्याचे) किमान सात प्रकार असायला हवे होते. म्हणून रिव्हरचा कॉल चुकीचा होता, आणि त्यांनी राण्यांऐवजी फसलेले बदाम दाखवले असते तरीही तो चुकीचाच ठरला असता.

आता दुसरा डाव, जो आपण 'संदर्भासाठी' दिला आहे. माझ्या दृष्टीने त्या रात्रीची सर्वांत स्पष्ट चूक हीच आहे. ३५ टक्के हा आकडा फ्लॉपवरचा आहे, जेव्हा दोन पत्ते यायचे बाकी असतात. आपण टर्नवर होता, एकच पत्ता बाकी होता. न दिसलेले ४६ पत्ते, त्यांतील ९ बदाम, म्हणजे १९.६ टक्के. खेळाडू जो ठोकताळा वापरतात (उपयोगी पत्त्यांना फ्लॉपवर चारने आणि टर्नवर दोनने गुणा), तोही येथे १८ च सांगतो. किंमत मात्र ३०० पैकी ९०, म्हणजे ३० टक्के होती. समोरचा ऑल-इन असल्यामुळे फ्लश लागल्यावर त्याच्याकडून पुढे आणखी काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. हिशेब केल्यास असा कॉल दर वेळी सरासरी ३१ डॉलर गमावतो. आपण त्या वेळी २१० जिंकलात, हे खरे, पण ते ४६ पैकी ९ पत्त्यांचे देणे होते.

आपण हरलेल्या डावाविषयी प्रश्न विचारलात आणि जिंकलेल्या डावाविषयी विचारला नाहीत, ही गोष्ट मला या दोन्ही चुकांपेक्षा महत्त्वाची वाटते. निकाल पाहून निर्णयाची प्रत ठरवली, तर एक चूक दुरुस्त होते आणि दुसरी सवय बनते.

नदीकाठ

संभाव्यता यांची मोजणी नेमकी आहे, परंतु तिच्या पायाशी एक गृहीतक आहे आणि ते उघड मांडले पाहिजे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

३१३ च्या पॉटमध्ये १६० ची बेट म्हणजे जवळजवळ अर्ध्या पॉटची बेट. ब्लफ करणाऱ्याला ती ४७३ पैकी १६०, म्हणजे ३४ टक्के वेळा यशस्वी झाली तरी पुरते. आपण रिव्हरला पोहोचणाऱ्या पत्त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक फेकू लागलो, तर समोरच्याने कोणतेही दोन पत्ते घेऊन बेट लावावी आणि नफा कमवावा. आता ह्यूस्टनवासी यांच्याकडे तेथवर कोणते पत्ते पोहोचतात? अठ्ठ्यांच्या किंवा चव्व्यांच्या जोडीवर लागलेली तिकडी सोडली, तर एक्का-गुलाम हाच त्यांचा वरच्या दर्जाचा पत्ता आहे. शिवाय त्यांचा एक्का किलवरचा होता, बदामाचा नव्हता, त्यामुळे फसलेल्या फ्लशांपैकी एकही प्रकार त्यांनी अडवलेला नव्हता. हा पत्ता फेकायचा असेल, तर कॉल करायचा तो कशाने? सॉल्व्हरला (सर्वोत्तम चाल मोजणाऱ्या संगणक-प्रणालीला) विचारल्यास तो येथे बराच काळ कॉल करील, असे मला वाटते.

जर्सीकर

नदीकाठ साहेब, आपला युक्तिवाद ज्याला आपली फेकण्याची सवय ठाऊक आहे आणि जो तिचा फायदा घेईल, अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बिनतोड आहे. पाऊण तास पत्ते न खेळलेल्या निवृत्त गृहस्थांनी ह्यूस्टनवासी किती टक्के वेळा फोल्ड करतात याची वही ठेवली असेल, असे मला वाटत नाही. ते राण्या आल्या म्हणून लावत होते. एक-तीनच्या टेबलावर संथ माणसाने तिसऱ्यांदा लावलेली मोठी बेट म्हणजे दवंडी असते.

तीन पत्तीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पचवणे अवघड जाते, कारण तेथे पॅक करणारा भित्रा ठरतो आणि शो मागणारा मर्द. होल्डेममध्ये पत्ते फेकणे हे बहुतांश वेळचे कामच आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षे 'बघू तर खरे त्याच्याकडे काय आहे' या एका कुतूहलापायी किती डॉलर घालवले, ते घरी सांगितलेले नाही.

संभाव्यता

नदीकाठ, आपला आक्षेप मला मान्य आहे: माझे १५ टक्के त्या एका माणसापुरते आहेत. त्याच जागी सतत रेज करणारा तरुण असता, तर त्याच्या यादीत वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजाचे ९ प्रकार येतात (एक एक्का आपल्याकडे असल्यामुळे १२ ऐवजी ९). त्यांतील निम्मे त्याने शेवटपर्यंत लावले, तरी ब्लफ साडेसात होतात, जिंकण्याची शक्यता २९ टक्क्यांवर जाते आणि तोच कॉल योग्य ठरतो. पत्ते तेच, बोर्ड तोच, किंमत तीच. बदलला तो फक्त समोरचा माणूस.

सॉल्व्हरविषयी मात्र एक सावधगिरी. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली जो प्रकार सुटल्याचे (त्यातील बिनचूक खेळ सापडल्याचे) जाहीर केले, तो दोघांचा लिमिट (बेटची रक्कम ठरलेली असणारा) होल्डेम होता. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रणालीने सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये व्यावसायिकांना हरवले, पण हरवणे आणि खेळ सुटणे यांत अंतर आहे. नऊ जणांच्या टेबलावर चौघे फ्लॉप पाहत असताना 'सॉल्व्हर असे म्हणतो' हे वाक्य जपून वापरावे.

नदीकाठ

मान्य. संथ गृहस्थांसमोर मीही फेकीन. मात्र 'रिव्हरला नेहमी फेकावे' असा धडा कोणी घेऊ नये, एवढ्यासाठी लिहिले. आणि टर्नविषयी जर्सीकर म्हणतात ते मला पूर्णपणे पटते. २८५ डॉलर मागे आणि पॉट ६३, म्हणजे साधारण साडेचार पट. मागे उरलेल्या पैशांचे पॉटशी हे असे अडनिडे प्रमाण आहे की एका जोडीवर सगळे लावणे फार होते आणि फ्लॉपलाच सोडणे फार लवकर होते. ज्याला पोझिशन (इतरांनंतर बोलण्याची जागा) नाही त्याने अशा प्रमाणात शिरूच नये, यासाठीच आरंभीचा फोल्ड.

कोथरूडकर

चर्चा वाचून शिकत आहे. मी पुण्यात असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आल्यापासून येथे पैसे लावून ऑनलाइन खेळणे बंद झाले, त्यामुळे मी फुकटच्या चिप्सवर सराव करतो. त्याने निर्णयक्षमता सुधारते का?

जर्सीकर

नियम, बोलण्याचा क्रम आणि पॉट मोजण्याचा वेग यांपुरती नक्की सुधारते. परंतु ज्या चिप्स गमावल्याने काहीच जात नाही, त्या घेऊन बसलेले लोक काहीही घेऊन कॉल करतात, आणि तेथे समोरच्याच्या यादीचा विचार करण्याची सवय लागत नाही. त्यापेक्षा एका मित्राला घेऊन बसा, वरील डावासारखा एक डाव कागदावर मांडा, आणि प्रत्येक फेरीत समोरच्याच्या पत्त्यांचे प्रकार मोजा. मेंढीकोटात पडून गेलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. येथे न दिसलेले पत्ते कोणाकडे कसे असतील ते बेटवरून ओळखायचे असते. डोके वेगळ्या बाजूने चालवावे लागते.

संभाव्यता

मूळ प्रश्नातील एका आकड्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. ३० वेळा, पाच तास, तासाला १३ डॉलर: खुर्चीचे भाडेच १,९५० होते. म्हणजे २,४०० पैकी टेबलावर आपण ४५० डॉलर, अर्थात १५० बिग ब्लाइंड हरलात.

आता या १५० चा अर्थ काय? प्रत्यक्ष टेबलावर तासाला २८ डाव धरले, तर आपले सुमारे ४,२०० डाव झाले. नो-लिमिटमध्ये १०० डावांमागील प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर जातात याचे माप) साधारणपणे ८० ते १०० बिग ब्लाइंड धरले जाते. ४,२०० डावांसाठी ते ५०० हून अधिक बिग ब्लाइंड होते. त्यापुढे १५० चा तोटा हा नशिबाच्या चढउतारात सहज बुडून जातो. त्यावरून आपण चांगले खेळता की वाईट, हे सांगताच येत नाही. आठ महिन्यांच्या जमाखर्चापेक्षा आपले दोन डाव मला अधिक माहिती देतात, कारण तेथे निर्णय दिसतो.

भाड्याचा आणखी एक परिणाम आपल्या खेळावर होत असावा अशी मला शंका आहे, पण तो जर्सीकर अधिक चांगला सांगू शकतील.

जर्सीकर

होय, आणि टेक्सासहून आमच्याकडे येणाऱ्यांत मी तो पाहिला आहे. आमच्या कॅसिनोंत या पातळीवर सहसा पॉटमधून कापले जाते, त्यामुळे न खेळणाऱ्याला ब्लाइंडखेरीज काही पडत नाही. तेथे मात्र मीटर चालू असल्यामुळे 'भाडे भरले आहे, तर पत्ते खेळले पाहिजेत' असे मनात येते. हिशेब उलटा आहे. भाडे तासाला १३, आणि नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंडचे चार डॉलर तासातून तीन-सव्वातीन वेळा, म्हणजे आणखी १३. काहीही न खेळता बसून राहण्याची किंमत तासाला २६ डॉलर झाली. एक्का-गुलामाच्या त्या एका डावात गेलेल्या ३०० डॉलरांत आपण साडेअकरा तास स्वस्थ बसू शकला असता. पॉटमधून काही कापले जात नसल्यामुळे जिंकलेला प्रत्येक पॉट आपल्याला पूर्ण मिळतो, हा तेथील फायदा आहे. तो चांगल्या पत्त्यांची वाट पाहणाऱ्याच्या पदरात पडतो.

ह्यूस्टनवासी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मध्ये चार शनिवार खेळून पाहायचे ठरवले होते.

प्रथम कबुली. दुसऱ्या डावाविषयी संभाव्यता यांचे उत्तर वाचून मी काही काळ रागावलो होतो. टेबलावर मी तो डाव दोघा मित्रांना मोठ्या अभिमानाने सांगितला होता. नंतर मागच्या आठवणी चाळल्या, तेव्हा टर्नवर ३५ टक्के धरून केलेले आणखी निदान पाच कॉल आठवले, आणि त्यांतील एकही लागला नव्हता. ते मी 'दुर्दैव' या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

आता एक छोटी वही खिशात ठेवतो. पत्ते उघडण्यापूर्वी लिहिणे टेबलावर शक्य नसते, म्हणून रिव्हरला कॉल करण्यापूर्वी मनात एक वाक्य पूर्ण करतो: 'मी अमुक पत्त्यांना हरवतो आणि ते हा माणूस अशा रीतीने खेळतो.' वाक्याचा पूर्वार्ध नेहमी जमतो. उत्तरार्ध अनेकदा जमत नाही, आणि तेव्हा फेकतो. डाव संपल्यावर ते वाक्य वहीत उतरवतो, निकाल मात्र मुद्दाम लिहीत नाही. घरी रविवारी वाचताना कोणता डाव जिंकलो होतो हे काही वेळा आठवत नाही, आणि त्यामुळेच वाचन प्रामाणिक होते.

तेच गृहस्थ दोनदा भेटले. एकदा त्यांच्या रेजसमोर मी स्मॉल ब्लाइंडवरून राजा-राणी फेकली. दुसऱ्यांदा, मी बटणावर राजा-गुलाम घेऊन कॉल केला होता, गुलाम वरचा असा फ्लॉप आला, आणि टर्नला त्यांनी दुसऱ्यांदा लावल्यावर मी फेकला. त्यांनी पत्ते न दाखवता डीलरकडे सरकवले. त्यांच्याकडे काय होते ते मला कधीच कळणार नाही, आणि घरी परतताना गाडीत पूर्ण वेळ तेच डोक्यात होते, हेही सांगून टाकतो.

चार शनिवारांत ११० डॉलर हरलो, भाडे धरून. संभाव्यता यांच्या हिशेबाप्रमाणे याचाही काही अर्थ नाही, हे मला आता ठाऊक आहे.

एक पुढचा प्रश्न. मी बटणावर आहे, हाती पुन्हा वेगवेगळ्या रंगांचा एक्का-गुलाम, आणि माझ्या लगेच उजवीकडील तरुण, जो जवळजवळ दर दुसरा डाव खेळतो, त्याने १२ ची रेज केली आहे. त्याच्या आधीचे सर्व बाहेर, माझ्यामागे फक्त ब्लाइंडवरचे दोघे. येथेही फेकायचे का?

नदीकाठ

येथे फेकू नका. तो त्या जागेवरून एक्का-नव्वी, राजा-दश्शी, छोट्या जोड्या, सगळे घेऊन रेज करीत असेल, आणि त्या यादीसमोर तोच एक्का-गुलाम पुढे आहे. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत आपण त्याच्यानंतर बोलणार आहात. मी ३८-४० ची रेज करीन: ब्लाइंडवरील दोघे बाहेर जातात, पॉट दोघांचा होतो, आणि तो अनेकदा तेथेच सोडतो. आपल्या हातातील एक्क्यामुळे त्याच्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकारही निम्मे झालेले असतात.

जर्सीकर

मी नुसता कॉल करीन. दर दुसरा डाव खेळणारा तरुण रेजला घाबरून सहसा सोडत नाही, आणि त्याला एक्का-नव्वीसह पॉटमध्ये ठेवणे मला अधिक आवडते. पण नदीकाठ म्हणतात तसे केलेत, तर एक आधीच ठरवून ठेवा: त्याने त्यावर आणखी मोठी रेज केली, तर पत्ते लगेच सरकवायचे, आणि तो दाखवो वा न दाखवो, गाडीत त्याचा विचार करायचा नाही.